मोटारघरवासीयांचा अधिवास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थिर घर सोडून बारमाही मोटारघरात किंवा मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये राहणाऱ्या व्यक्ती आपले कायदेशीर राज्य म्हणून ज्या राज्याची निवड करतात, तेथील त्यांच्या विधिमान्य वास्तव्यास मोटारघरवासीयांचा अधिवास म्हणतात. अशी व्यक्ती एका वर्षात अनेक राज्यांतून फिरते. तथापि वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना, विमा, राज्याचा प्राप्तिकर, मतदान, ज्यूरीची सेवा आणि मृत्यूनंतर इच्छापत्राची शाबिती या बाबी राज्यांच्या कायद्यांखाली येत असल्याने तिला कोणत्या तरी एका राज्याची असणे भाग पडते. भारतात सबंध देशाचा अधिवास एकच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात (१९८४) म्हटले आहे आणि वेतनावरील प्राप्तिकर केंद्र शासन आकारते. राज्य शासनाचे अधिवास प्रमाणपत्र मुख्यतः शिक्षण व नोकरी यांतील पात्रतेपुरते उपयोगी पडते. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा अधिवास स्वतंत्र असून त्याच्या निवडीवर कर, मताधिकार आणि वारसा अवलंबून असतात.

तात्त्विक आधार : अधिवासाची कल्पना अमेरिकेत इंग्लिश रूढविधीतून आली. प्रत्येक व्यक्तीस जन्मापासून मृत्यूपर्यंत अधिवास असतोच आणि एका वेळी तो एकच असतो, हे तिचे मूलसूत्र आहे. जन्मतः आईबापांचा अधिवास प्राप्त होतो. पुढे नवा अधिवास मिळविण्यास त्या ठिकाणी प्रत्यक्ष उपस्थिती आणि तेथेच घर करण्याचा हेतू अशा दोन गोष्टी लागतात. हेतू नसेल, तर अनेक वर्षांचे वास्तव्यही अपुरे ठरते. हेतू खरा असेल, तर काही तासांची उपस्थितीही पुरते. वेस्ट व्हर्जिनियातील व्हाइट विरुद्ध टेनंट (१८८८) या खटल्यात एका शेतकऱ्याने आपली शेतवाडी विकून पेनसिल्व्हेनियातील नव्या घरात सामान उतरविले. परंतु पत्नी आजारी पडल्याने तो त्याच दिवशी सीमेपलीकडे परतला आणि पुढे तिकडेच मरण पावला. नव्या घरात त्याने एकही रात्र काढली नव्हती, तरी त्याचा अधिवास पेनसिल्व्हेनियाचा असल्याचे न्यायालयाने ठरविले.

निवडलेला अधिवास सोडून दिल्यास जन्माचा अधिवास पुन्हा जिवंत होतो, असे इंग्लंडमध्ये अडनी विरुद्ध अडनी (१८६९) या खटल्यात उमरावांच्या सभागृहाने मानले. अमेरिकन न्यायालयांनी हे तत्त्व सामान्यतः स्वीकारले नाही. नवा अधिवास मिळेपर्यंत जुनाच चालू राहतो, असे ती मानतात. मोटारघरवासीयांच्या साऱ्या अडचणींचे मूळ या नियमात आहे. कॅलिफोर्नियातील घर विकून रस्त्याला लागलेली व्यक्ती तेवढ्याने त्या राज्यातून सुटत नाही. दुसरे राज्य निवडून त्यास पुराव्याची जोड देईपर्यंत पहिले राज्य तिच्यावर करासाठी दावा सांगू शकते. कोठलाच नसणे हा पर्याय कायद्यास मान्य नाही.

पूर्वपीठिका : फिरत्या माणसाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती जुनी आहे. इंग्लंडमधील १६६२ च्या अधिनियमाने प्रत्येक गरिबाच्या पोषणाचा भार त्याच्या पॅरिशवर टाकला आणि परक्या गरिबास त्याच्या मूळ ठिकाणी परत धाडण्याची मुभा दिली. हीच पद्धत अमेरिकन वसाहतींत गेली. न्यू इंग्लंडमधील गावे नवागतांना निघून जाण्याची रीतसर सूचना देत. महामंदीच्या काळात, १९३६ मध्ये, लॉस अँजेल्सच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर पहारे बसवून निर्धनांना अडविले. टेक्ससमधून आपल्या निर्धन मेव्हण्यास मोटारीतून आणल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका नागरिकाच्या प्रकरणात (एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया, १९४१) सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवेशबंदीचा कायदा रद्द केला. पुढे कल्याणकारी मदतीसाठी एक वर्ष वास्तव्याची अट शपिरो विरुद्ध टॉम्सन (१९६९) या खटल्यात, तर मतदानासाठीची तशीच अट डन विरुद्ध ब्लमस्टीन (१९७२) या खटल्यात घटनाबाह्य ठरली. १९७२ मध्येच फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल शहराचा भटकेपणाविषयीचा नियम संदिग्धतेमुळे रद्द झाला. अशा रीतीने कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य प्रस्थापित झाले. परंतु कोठला तरी असण्याचे बंधन कायम राहिले.

वाहनघरांचा प्रसार : मोटारीने फिरून तंबूत अथवा घरगुती बनावटीच्या गाडीत राहणाऱ्या हौशी प्रवाशांची ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टॅम्पा येथे स्थापन झाली. १९३० नंतर ट्रेलरांचे कारखाने वाढले. मंदीत घर गमावलेल्या कुटुंबांना आणि दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांना ट्रेलरांचा आसरा मिळाला. १९५६ च्या अधिनियमाने आंतरराज्य महामार्गांची उभारणी वेगाने सुरू झाली आणि १९६६ पासून आयोवातील विनेबागो कंपनीने मोटारघरांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन आरंभिले. सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन आणि ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ मध्ये मंजूर झालेला वैद्यकीय विमा यांमुळे निवृत्तांना गाव सोडून फिरणे परवडू लागले. पुढे २००८ च्या आर्थिक संकटानंतर घरभाडे न परवडल्याने गाडीत राहू लागलेल्या वृद्ध कामगारांचा नवा वर्ग यात मिसळला. हौसेने निघालेला व नाइलाजाने निघालेला असे दोघेही अधिवासाच्या प्रश्नापाशी सारखेच येऊन थांबतात.

जो व के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये बारमाही प्रवाशांसाठी ‘एस्केपीज’ हा संघ स्थापन केला. टेक्ससमधील पोक परगण्यातील लिव्हिंग्स्टन या गावी त्याचे मुख्य ठाणे असून सभासदांची टपाल तेथे स्वीकारून ते असतील तेथे पाठविली जाते. या सेवेमुळे हजारो सभासदांना परवाना, नोंदणी व मतदान यांसाठी एक पत्ता मिळाला आणि लहानशा गावाच्या मतदारयादीत सदैव परगावी असणाऱ्यांची मोठी भर पडली.

राज्याची निवड : निवडीत टेक्सस, फ्लॉरिडा व साउथ डकोटा ही तीन राज्ये प्रमुख ठरली. तिन्ही राज्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर कर घेत नाहीत. फ्लॉरिडाने १९२४ मध्ये आणि टेक्ससने २०१९ मध्ये अशा कराविरुद्ध राज्यघटनेतच तरतूद केली. नेव्हाडा, वायोमिंग, अलास्का आदी राज्यांतही वेतनावर कर नाही. पण टपाल पुढे पाठविणाऱ्या संस्थांची सोय आणि परवाने देणाऱ्या कार्यालयांचा सराव यांमुळे वरील तीन राज्ये पुढे गेली. फ्लॉरिडात अधिवासाचे शपथपूर्वक घोषणापत्र न्यायालयाच्या लिपिकाकडे नोंदविता येते. साउथ डकोटात हॉटेलात किंवा वाहनतळावर एक रात्र राहिल्याची पावती, स्थानिक टपालपत्ता आणि शपथपत्र यांवर फिरत्या व्यक्तीस चालकाचा परवाना देण्याची पद्धत रूढ झाली.

प्राप्तिकराखेरीज वाहनखरेदीवरील कर, नोंदणीशुल्क, विम्याचे दर आणि वाहनतपासणीची अट यांचाही विचार होतो. टेक्ससमध्ये खाजगी वाहनांच्या सुरक्षा-तपासणीची सक्ती २०२५ च्या आरंभापासून उठली. विक्रीकर नसलेल्या माँटॅना राज्यात कंपनी स्थापून तिच्या नावे मोटारघर खरेदी करण्याची युक्तीही काहीजण करतात. मालक वस्तुतः अन्य राज्याचा रहिवासी असल्यास ते राज्य कर व दंड यांची मागणी करू शकते. ६५ वर्षांखालील व्यक्तींच्या बाबतीत आरोग्यविमा निर्णायक ठरतो. २०१४ पासून खुल्या झालेल्या विमा-बाजारपेठेत योजना राज्य व परगणा पाहून मिळतात आणि त्यांपैकी अनेकींचे डॉक्टर व रुग्णालये एका प्रदेशापुरतीच असतात. कर वाचविणारे राज्य आजारपणात गैरसोयीचे ठरते, असा अनुभव त्यामुळे येतो.

राज्याराज्यांतील विवाद : एका राज्याने दिलेली मान्यता दुसऱ्यावर बंधनकारक असतेच असे नाही. नेव्हाडाने १९३१ मध्ये घटस्फोटासाठी आवश्यक वास्तव्य सहा आठवड्यांवर आणले. नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या एका स्त्रीपुरुषाने लास व्हेगसमधील मोटारप्रवाशांच्या निवासात तेवढा काळ काढून आपापले घटस्फोट मिळविले, परस्परांशी विवाह केला आणि ती दोघे स्वराज्यात परतली. नेव्हाडातील त्यांचा अधिवास खरा होता काय, हे नॉर्थ कॅरोलायना स्वतंत्रपणे तपासू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये दिला व द्विविवाहाची शिक्षा कायम राहिली.

करांच्या बाबतीत परिणाम याहून विचित्र झाले. डब्यांतील सूपचे कारखानदार जॉन डॉरन्स यांच्या मृत्यूनंतर पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी या दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी ते आपलेच रहिवासी असल्याचे ठरविले आणि दोन्ही राज्यांनी मृत्युकर वसूल केला. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. कर्नल एडवर्ड ग्रीन यांच्या संपत्तीवर चार राज्यांनी दावा सांगितला. एकूण मागणी संपत्तीहूनही अधिक होऊ लागली, तेव्हा टेक्सस विरुद्ध फ्लॉरिडा (१९३९) या खटल्यात त्यांचा अधिवास मॅसॅचूसेट्सचा असल्याचा निर्णय झाला. या धनिकांना घरे अनेक होती, तर मोटारघरवासीयास एकही नसते. पण पुराव्याची पद्धत दोघांना सारखीच लागू पडते. जुन्या राज्यातील परवाना, बँकेतील खाते, डॉक्टर, गुदामात ठेवलेले सामान आणि तेथे काढलेले दिवस यांवरून हेतूचे अनुमान केले जाते.

घर की वाहन : मोटारघराचे कायदेशीर स्वरूपही प्रसंगानुसार पालटते. निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असल्यास प्राप्तिकराच्या दृष्टीने ते घर ठरते आणि त्यावरील कर्जाच्या व्याजाची वजावट मिळू शकते. उलट, कायमचे ठिकाण नसलेला नोकरदार जेथे काम करतो तेथेच त्याचे घर मानले जात असल्याने त्यास प्रवासखर्चाची वजावट मिळत नाही. कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी (१९८५) या खटल्यात सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या व सहज चालू करता येणाऱ्या मोटारघराची झडती अधिपत्राविना घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. घरास मिळणारे पूर्ण संरक्षण त्यास नाकारले गेले.

पत्त्याची कसोटी २००१ नंतर कडक झाली. त्या वर्षीच्या दहशतवादविरोधी कायद्यानुसार बँकांना खातेदाराच्या निवासाची वा व्यवसायाची जागा नोंदविणे आवश्यक झाले. २००५ च्या ओळखपत्रविषयक कायद्याने मुख्य निवासस्थानाचा पुरावा मागितला. विमानप्रवासासाठी त्याची अंमलबजावणी मे २०२५ मध्ये सुरू झाली. टपालसंस्थेची पेटी म्हणजे निवास नव्हे, हे उघड असल्याने प्रामाणिक उत्तर देणाऱ्या प्रवाशाचीच अधिक अडचण होते.

मताधिकार : कर वाचविण्यासाठी केलेली निवड अखेर नागरिकत्वाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. पोक परगण्यात २००० साली फिरत्या सभासदांच्या मतदानास न्यायालयात आव्हान देण्यात आले. ते यशस्वी झाले नाही. ज्यांचा गावाच्या शाळेशी वा रस्त्यांशी संबंध नाही, त्यांनी तेथील अधिकारी निवडू नयेत, हा स्थानिकांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. परंतु त्या मतदारास दुसरे गावही नसते. येथील मत काढून घेतल्यास त्याला अध्यक्षाच्या निवडणुकीतही मत उरत नाही. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन नागरिकास १९८६ च्या संघीय कायद्याने त्याच्या शेवटच्या अधिवासाच्या ठिकाणी संघीय निवडणुकांत मत देण्याचा हक्क दिला आहे. स्वदेशातच फिरणाऱ्यासाठी तसा कायदा नाही.

टेक्ससने २०२१ मध्ये व्यापारी टपालपेटीच्या पत्त्यावर नोंदलेल्या मतदारांकडून निवासाचा लेखी पुरावा मागण्याची तरतूद केली. संघीय जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये तिचा काही भाग रद्द केला. परंतु वादींना दावा लावण्याचा अधिकार नसल्याच्या कारणावरून अपील न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय फिरविला. साउथ डकोटाने २०२३ च्या कायद्याने मतदार-नोंदणीसाठी राज्यातील ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. परवान्यासाठी एक रात्र आणि मतासाठी तीस दिवस, असा भेद त्यामुळे निर्माण झाला.

लिव्हिंग्स्टन येथे आजारी अथवा वृद्ध सभासदांसाठी एक आधारकेंद्र चालविले जाते. प्रवास थांबलेले सभासद तेथे आपल्याच वाहनात राहतात व त्यांना भोजन आणि शुश्रूषा मिळते. टपालाच्या सोयीसाठी घेतलेला पत्ता अशांच्या बाबतीत अखेरचे घर ठरतो आणि अधिवासास आवश्यक असलेली उपस्थिती व हेतू ही दोन्ही अंगे तेथे खऱ्या अर्थाने एकत्र येतात.