मधल्या सुट्टीचा इतिहास

मंडळी, इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. पण घरोघरी रोज सकाळी साडेसहाला जी लढाई होते, तिचा इतिहास कुणी शिकवत नाही. लढाईचं नाव: "आज डब्यात काय?" आणि संध्याकाळी होणारा तह: "अर्धी पोळी तरी खायची होतीस गं!"

आमची कन्या सध्या पहिलीत आहे. तिच्या आवडत्या पदार्थांची यादी एका हाताच्या बोटांवर मावते आणि नावडत्यांची यादी दर आठवड्याला अपडेट होते. हिरवं काही दिसलं की डबा तसाच परत. आमच्याकडे डबा आम्ही दोघं आलटून पालटून करतो, त्यामुळे या विषयात मला पूर्ण अधिकार आहे असं समजून पुढचं वाचा. :)

तर पहिला प्रश्न, शाळेचा डबा आला कुठून? पंतोजींच्या शाळेतली मुलं दुपारी घरी जाऊन जेवून यायची. शाळा गावातच, घर हाकेच्या अंतरावर, डबा हवा कशाला? शाळा आणि कचेरी घड्याळावर चालायला लागली, घरं लांब गेली, आणि जेवणाला घरातून बाहेर पडावं लागलं. मुंबईत १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायचं काम सुरू केलं, ते याच गरजेतून. 'टिफिन' हा शब्दही त्याच साहेबी दुनियेतला. मूळ अर्थ घोटभर पिणं, मग इथल्या साहेबाचं दुपारचं हलकं खाणं आणि शेवटी आपल्याकडे चक्क डबाच!

डब्याच्या हार्डवेअरचाही इतिहास आहे. पितळेचा डबा म्हणजे कल्हई आली, कारण कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकणार. मग जर्मलचे डबे आले, हलके पण पोचे पडणारे. स्टेनलेस स्टीलचा शोध १९१३ चा, घराघरात पोचायला मात्र अनेक दशकं गेली. आज दही, लिंबू, टोमॅटो आपण बिनधास्त डब्यात भरतो त्यामागे हे स्टील आहे.

आता सॉफ्टवेअर, म्हणजे आतला माल. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्ही परंपरेनं आलेलं मुकाट्यानं खायचो" असं सांगणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून एक उदाहरण घेऊ. साबुदाण्याची खिचडी! उपासाला चालणारी, म्हणजे किती पारंपरिक. पण जरा डीबग करून बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, म्हणून तर नावही त्यांचंच. मिरची अमेरिकेतली. शेंगदाणा अमेरिकेतला. आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारा साबुदाणा आटला आणि तो तमिळनाडूत सेलमच्या आसपास बनायला लागला. म्हणजे खिचडीत जुनं काय उरलं? जिरं, मीठ आणि तूप!

सांगायचा मुद्दा हा की आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी कधीतरी बटाट्याकडे आमच्या कन्येसारखंच नाक मुरडून पाहिलं असणार. अनोळखी खाण्याला नाही म्हणणं हा लाडावल्याचा पुरावा नाही. साधारण दोन ते सहा या वयात ही भीती सगळ्यात जास्त असते असं अभ्यासक सांगतात. नुकतंच चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालायला लागलं तर जगणार कसं? निसर्गानं घातलेला हा फायरवॉल आहे. तो मोडून काढायचा नसतो, ओळख वाढवायची असते. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, थोडा थोडा समोर आला की बरीच मुलं तो खायला लागतात.

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी १९२० च्या दशकात तो सुरू केला. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांसमोर वेगवेगळ्या वाट्या ठेवायच्या आणि बाळ हात दाखवेल तेच द्यायचं. नर्सनी आग्रह करायचा नाही, कौतुक करायचं नाही, रागवायचं नाही. १९३९ मध्ये त्यांनी पंधरा मुलांचे निष्कर्ष मांडले. प्रत्येक मुलाची निवड निराळी आणि विचित्र, पण मुलं ठणठणीत! एका मुडदूस झालेल्या बाळानं तर समोर ठेवलेलं कॉडलिव्हर तेल आपणहून घेतलं, आणि बरं झाल्यावर सोडूनही दिलं.

"बघा, मुलांना सगळं कळतं, काय हवं ते खाऊ द्या!" असा अर्थ काढणाऱ्यांनी थोडं थांबा. त्या यादीत चौतीस पदार्थ होते: दूध, अंडी, मांस, धान्यं, भाज्या, फळं. साखर नाही, मैद्याचं काही नाही, डबाबंद काही नाही. खरी गोम यादीतच आहे, हे डेव्हिसबाईंनीच सांगून ठेवलंय. यादी मोठ्यांनी ठरवायची, किती खायचं ते मुलानं. तिसरा पर्याय म्हणून चिप्सचं पाकीट ठेवलंत की प्रयोग संपला.

आता इतिहासाचं दुसरं पान उलटू, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ज्यांच्या दप्तरात डबाच नव्हता त्यांचं काय?

१९२० मध्ये मद्रास महापालिकेनं थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना खाणं द्यायचं ठरवलं. खर्चाची मर्यादा दर मुलामागे रोज एक आणा. पुढे १९५० च्या दशकात कामराज मुख्यमंत्री असताना ही कल्पना राज्यभर नेली गेली. स्वतः कामराजांची शाळा गरिबीमुळे लहानपणीच सुटली होती, हे विसरू नका. १९८२ मध्ये एमजीआर यांनी तिथे योजना आणखी मोठी केली. केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला, पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हातात शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडं धान्य पडायचं. शेवटी २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धान्य नाही, शिजवलेलं जेवण द्या. आपल्याकडे पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जी 'खिचडी' मिळते तिच्यामागे एवढं सगळं आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी आमच्या कन्येच्याच वयाची आहे. ती पालिकेच्या शाळेत जाते. "आज उसळ होती, दोनदा घेतली" असं ती आईला सांगते. एकाच इमारतीत रोज येणाऱ्या दोन मुली: एकीचा डबा भरलेला परत येतो, दुसरी दोनदा वाढून घेते. यात एक शहाणी आणि एक हट्टी असं काही नाही. 'मला हे नको' म्हणायची चैन एकीला परवडते, एवढंच. म्हणून "तिकडे मुलं उपाशी आहेत, तू मात्र..." हे वाक्य मी कन्येला ऐकवत नाही. त्यानं पालक घशाखाली उतरत नाही, आणि त्या दुसऱ्या मुलीच्या ताटातही काही पडत नाही. तिच्या ताटासाठी भांडायचं असेल तर शाळेत, पालिकेत आणि मतपेटीत भांडायला हवं. मद्रासपासून न्यायालयापर्यंत ते तसंच मिळालंय.

त्या सरकारी योजनेतून मी मात्र एक गोष्ट उचलली, ती म्हणजे स्पेसिफिकेशन! पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. साठ ग्रॅम कणकेच्या दोन छोट्या पोळ्या, मूठभर मोडाच्या मुगाची उसळ, वर थोडं तूप आणि शेंगदाण्याचा एक लाडू... झालं की! ब्रोकोली नको, क्विनोआ नको.

थोडक्यात काय, तर आमच्या डब्यात आता दोन ओळखीचे पदार्थ आणि चमचाभर अनोळखी, असं गणित असतं. चमचाभर परत आलं तर कुणी चौकशी करत नाही. मेथी नऊ वेळा परत आली आहे. दहावा प्रयत्न सोमवारी.

तुमच्या डब्यातून काय परत यायचं, जरूर सांगा!