आनुवंशिक कॅन्सरची कुळकथा
अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. १८९५ साली तिने त्यांना सांगितलं, मी काही म्हातारी होऊन मरायची नाही. पोटाचं, आतड्याचं नाहीतर गर्भाशयाचं दुखणं मला नेणार, आमच्या घरात असंच होत आलंय. पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच ती गेली. वॉर्थिन यांनी तिच्या नात्यातल्या मृत्यूंच्या नोंदी जमवल्या आणि १९१३ साली ‘जी’ कुटुंब या नावाने छापल्या. पण कॅन्सर वंशातून येतो, हे मानायला फारसं कोणी तयार नव्हतं.

पुढचा धागा १९६२ साली ओमाहात सापडला. एकेकाळी मुष्टियुद्ध खेळलेले डॉ. हेन्री लिंच तिथे शिकाऊ डॉक्टर होते. दारूपायी खंगलेल्या एका रुग्णाने त्यांना पिण्याचं कारण सांगितलं: घरातले सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार. लिंच यांनी त्याची वंशावळ मांडली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, कॅन्सर झाला की आकृती काळी. काळ्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत होत्या, आईकडूनही आणि बापाकडूनही. १९६६ साली त्यांनी अशी दोन कुटुंबं प्रसिद्ध केली. तरीही संशोधनासाठी पैसे मागितले की नकार येई.

पुरावा १९९३ साली हाती आला. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तीत चुका राहतात. त्या हेरून दुरुस्त करणारी यंत्रणा जिवाणूंमध्ये आधीच माहीत होती. माणसातलं तसंच जनुक, एमएसएच२, अशा काही कुटुंबांत बिघडलेलं निघालं. दुरुस्ती थांबली की चुका साचतात आणि कॅन्सर तरुणपणीच गाठतो. ‘जी’ कुटुंबातला नेमका बिघाड २००० साली सापडला. या विकाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

त्या बाईचं भाकीत घराण्यापुरतं खरं होतं, पण घरातल्या प्रत्येकासाठी नव्हतं. बिघडलेलं जनुक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मीच असते, पण धास्ती मात्र सगळ्यांच्या वाट्याला यायची. आता रक्ताच्या तपासणीत ते कोणाकडे आलंय हे कळतं. ज्याच्याकडे आलंय, त्याची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करतात आणि आतड्यातले मोड कॅन्सर होण्याआधीच काढून टाकतात. ज्याच्याकडे आलेलं नाही, त्याला त्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.