पाटीवरचा परवाना

दहिसरला बारच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ हे शब्द हमखास दिसतात. लंडन पिल्सनर ही माझी आवडती बिअर. ती मागवताना परवाना मात्र कुणी कधी विचारला नाही. मग हे शब्द आले कुठून?

मुळाशी आहे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. दहिसर बृहन्मुंबईत आले १९५७ साली. कायदा प्रांतभराचा असल्याने तो इथे आधीच पोचला होता. व्हिस्कीबरोबर त्याने बिअरही बंद केली. एफ. एन. बलसारा यांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या मागणीत व्हिस्की, बिअर होती, तसेच यूडीकोलोनही. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने मोकळी केली. बिअर अडकलेलीच राहिली.

साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायदा उठला नाही. परवाने तेवढे सुलभ झाले. महाराष्ट्रात मद्य प्यायला आजही परवाना लागतो. म्हणजे कायद्याच्या लेखी परवानाधारक हा साधा गिऱ्हाईक नव्हे, बंदीतून सूट मिळालेला माणूस. आणि माझ्यासारखा बिनपरवान्याचा? गुन्हेगारच. पाटी तेवढेच सांगते. आपण ती वाचत नाही.