व्यसनमुक्तीचा लढा आणि लिंकन इस्पितळ

व्यसनाचा प्रश्न आपल्या चळवळीने बहुधा नीतीचा प्रश्न म्हणूनच हाताळला आहे. जो पितो तो बिघडलेला, त्याने सोडावे, नाही सोडले तर त्याचे नशीब त्याच्यापाशी, असा आपला सरळ न्याय. मीही कितीतरी वर्षे याच न्यायाने चाललो. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत गर्द आली, तेव्हा माझा मावसभाऊ तिच्या आहारी गेला. जयंतीच्या वर्गणीतले पैसे त्याने उडवले. मी मंडळाचा चिटणीस होतो. यादीतून त्याचे नाव मी माझ्या हाताने खोडले आणि शिस्त पाळली म्हणून समाधानही मानले. हा न्याय तपासून पाहण्याची गरज मला फार उशिरा वाटली. ती ज्या इतिहासामुळे वाटली तो इथे मांडतो.

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण ब्राँक्स भागात लिंकन इस्पितळ आहे. १९७० च्या सुमारास त्याची इमारत मोडकळीला आली होती. काळे आणि प्यूर्टो रिकन गरीब तिथे जात, कारण त्यांना दुसरीकडे कुठे जाणे परवडत नव्हते. लोक त्याला खाटिकखाना म्हणत. याच भागात हेरॉइन गल्लोगल्ली पसरले होते आणि व्यसनी माणसाला तुरुंग किंवा मरण याखेरीज तिसरी वाट क्वचितच होती. १४ जुलै १९७० रोजी ‘यंग लॉर्ड्स’ या प्यूर्टो रिकन तरुणांच्या संघटनेने इस्पितळाच्या इमारतीचा काही तास ताबा घेतला. सुधारणेची आश्वासने मिळाली, पण व्यसनींसाठी काही झाले नाही. म्हणून १० नोव्हेंबरला यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर्स, इस्पितळातले कामगार आणि खुद्द काही व्यसनी यांनी परिचारिकांच्या निवासाच्या इमारतीत शिरून व्यसनमुक्तीचे केंद्रच सुरू करून टाकले. दारात रांग लागली. अखेर प्रशासनाला ते केंद्र मान्य करावे लागले.

तिथे काय चाले? हेरॉइन सुटताना शरीराचे जे हाल होतात ते कमी व्हावेत म्हणून मेथाडोन हे औषध दिले जाई आणि त्याची मात्रा थोड्या दिवसांत उतरवत नेली जाई. पण औषध हा उपचाराचा एक भाग होता. दुसरा भाग म्हणजे माणसे. सल्ला देणाऱ्यांत कालपर्यंत सुई टोचून घेणारे होते. बरे झालेले काही तिथेच कामाला लागले. राजकीय शिक्षणाचे वर्ग भरत. आपल्याच वस्तीत हे विष इतके मुबलक का, त्यातून पैसा कोणाच्या खिशात जातो आणि संघटित होऊ शकणारा तरुण गुंगीत राहिला तर सोय कोणाची होते, यावर तिथे चर्चा होई. मायकेल सेटेवायो टेबर हा पँथर स्वतः हेरॉइनमधून बाहेर पडलेला होता. भांडवलशाही आणि अमली पदार्थ यांची बेरीज म्हणजे वंशसंहार, असे सांगणारी त्याची पुस्तिका त्याच काळातली. पुढे केंद्राने चिनी सुईउपचार स्वीकारला आणि कार्यकर्ते स्वतः तो शिकले.

या केंद्राला आंधळेपणाने डोक्यावर घ्यावे असे मी म्हणत नाही. दीर्घकाळ मेथाडोन देणे म्हणजे काळ्यांच्या गळ्यात नवी साखळी, असे त्यांचे मत होते. ते पुढे टिकले नाही. या उपचाराने मृत्यू कमी होतात हे आज सिद्ध आहे. कानाला सुया टोचून कोकेनचे व्यसन सुटते याला नंतरच्या चाचण्यांत पुरेसा आधार मिळाला नाही. मग त्या खोलीत जे बरे झाले ते कशाने? माझी समजूत अशी की, सुया लावून शांत बसलेल्या माणसाच्या शेजारी त्याच्यासारखीच दहा माणसे बसलेली असत, आणि बाहेर पडल्यावर त्याला करायला काम व म्हणायला ‘आपले’ असे काहीतरी असे. हे बळ सुईच्या टोकात मावणारे नाही.

या समजुतीला बळ देणारा पुरावा त्याच वर्षांत अगदी दुसऱ्या टोकाकडून आला. व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने अभ्यास केला. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तिथे अफू-हेरॉइन घेतले होते. पाचातला एक व्यसनाधीन झाला होता. परतल्यावर पहिल्या वर्षात या व्यसनाधीनांपैकी शेकडा ५ च्या आसपासच पुन्हा व्यसनाधीन झाले. तीन वर्षांत शेकडा १२. बहुतेकांनी कसलाही उपचार घेतला नव्हता. मायदेशी हेरॉइन महाग आणि मिळायला अवघड होते, हे खरे. पण युद्धभूमी सुटली, घर आणि काम मिळाले, हेही तितकेच खरे. ब्राँक्समधल्या पोराने मात्र परत कुठे जायचे? त्याची युद्धभूमी आणि त्याचे घर एकाच गल्लीत होते. लिंकनच्या कार्यकर्त्यांनी त्या गल्लीतच त्याच्यासाठी दुसरे घर उभे करू पाहिले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय.

प्रस्थापितांना ते पचणे शक्य नव्हते. पैशांच्या गैरवापराचे आरोप झाले आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये महापौर एड कॉच यांच्या प्रशासनाने पोलिसांच्या बळावर ते केंद्र मोडून काढले. सुया पुढे जगभर गेल्या. राजकीय शिक्षणाचे वर्ग तेवढे गाळले गेले.

आपण १९७२ साली ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, आवेश घेतला. त्यांचा हा दवाखाना मात्र आपण घेतला नाही. वास्तविक आपल्यापाशी त्याहून जुना आणि मोठा वारसा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती कोणी बंद खोलीत एकट्याने घेतली नाही. लाखोंनी शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळून घेतली. शेजारी उभा असलेला माणूस हाच त्या प्रतिज्ञेचा आधार होता. आपण प्रतिज्ञा ठेवली आणि शेजारी काढून घेतला. जो प्रतिज्ञेतून घसरला त्याला ‘गर्दुल्ला’ म्हटले, ‘बेवडा’ म्हटले आणि विहाराच्या पायरीवरून उठवले.

माझा मावसभाऊ तीन वेळा उपचार घेऊन आला. तिन्ही वेळा महिना-दीड महिना तो स्वच्छ होता. त्या दिवसांत तो मंडळाच्या कचेरीसमोरून सावकाश जाई. आत ये, असे त्याला कोणी म्हटले नाही, मीही नाही. उघड्या दाराने त्याचे स्वागत करणारे वस्तीत एकच ठिकाण होते, गर्दवाल्याचे. चौथ्यांदा तो आलाच नाही. मावशीने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

कोणी म्हणेल, मग चोरी माफ करायची का? नाही. वर्गणीचे पैसे लोकांच्या घामाचे होते. त्याच्या हातून पावतीपुस्तक काढून घेणे योग्यच होते. पण पावतीपुस्तक काढून घेणे वेगळे आणि माणूस काढून टाकणे वेगळे. हा फरक मला त्या वेळी कळला नाही. त्याला पताका बांधायला, खुर्च्या मांडायला बोलावता आले असते. त्यानेही तो वाचला असता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आपण मात्र प्रयत्न केलेला असता.

प्रत्येक वस्तीत इस्पितळ उभारणे आपल्या हाती नाही. डॉक्टर आणि औषध यांची जागा चळवळ घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण उपचार घेऊन परतलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा, करायला एखादे काम आणि नावाने हाक मारणारी चार माणसे देणे हे प्रत्येक मंडळाच्या, प्रत्येक विहाराच्या आवाक्यात आहे. यादीतून नावे खोडणे सोपे असते. मी एक खोडले आहे, म्हणून सांगतो.