एका चौकोनात दोन लिप्या

विंडोज एक्सपी 2001 साली आली. तिच्या भाषांच्या सेटिंगमध्ये एक छोटा चौकोन होता. जटिल लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य त्याच्यापुढे असे. त्यात खूण करायची, एक्सपीची सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. मग ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसे आणि उर्दूही. या दोन भाषा एकमेकींपासून किती लांब आहेत हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी मात्र दोघींना एकाच चौकोनात बसवले होते. कारण साधे आहे: दोन्ही लिप्यांत अक्षर शेजारी पाहून रूप बदलते. ‘स्त्री’मध्ये स, त आणि र एकमेकांत मिसळतात, तर उर्दूतला ‘बे’ शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरा आणि शेवटी तिसराच दिसतो.

त्याआधीच्या काळात दोघींनी आपापल्या पळवाटा काढल्या होत्या.

उर्दूची पळवाट चित्राची होती. नस्तालीक ही तिरकी उतरत जाणारी लिपी खिळ्यांच्या छपाईला कधी नीट जमलीच नाही, म्हणून उर्दू दैनिके कातिबांच्या हातावर चालत. मिर्झा अहमद जमील यांचे ‘नूरी नस्तालीक’ आले आणि 1981 मध्ये लाहोरचा ‘जंग’ संगणकावर जुळवून निघाला. 1994 मध्ये दिल्लीच्या कंपनीने ‘इनपेज’ आणले. त्यात मजकूर टंकायचा, त्याचे जिफ चित्र करायचे आणि ते संकेतस्थळावर चढवायचे. गंमत अशी की, सगळ्या ब्राउझरांत सारखे दिसण्याच्या कसोटीला हा उपाय शंभर टक्के उतरत होता! नेटस्केप असो की इंटरनेट एक्सप्लोरर, चित्र ते चित्र. पण त्यात शब्द शोधता येत नव्हता, उतारा उचलता येत नव्हता आणि अंध वाचकाला तर तिथे काहीच नव्हते. त्या संपादकांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्या वाचकाला नस्तालीक हवे होते आणि ब्राउझरला ते येत नव्हते.

मराठीची पळवाट फॉन्टची. ‘कृतिदेव’मध्ये इंग्रजी डीच्या जागी ‘क’ बसवलेला. इतर फॉन्टांत आणखी कुठेतरी. म्हणजे पानाच्या पोटात इंग्रजी अक्षरे, वर मराठी मुखवटा. वाचकाकडे तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसे. मग 1997 मध्ये फॉन्ट पानासोबतच पाठवण्याची सोय आली, पण एक्सप्लोररची पद्धत वेगळी, नेटस्केपची वेगळी. बाजार एक्सप्लोररने जिंकला, तेव्हा बहुतेकांनी त्याच्यापुरतेच काम केले. त्याच्या फॉन्टफाइली संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधता येत. पान जपून दुसरीकडे ठेवले तरी मराठी उमटेलच याची खात्री नव्हती. आणि 2022 मध्ये एक्सप्लोररच निवृत्त झाला.

या सगळ्याला उत्तर कागदावर केव्हाच तयार होते. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991ची. डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानके ठरवणारी संस्था 1994ची. जानेवारी 1997 मध्ये एचटीएमएलला जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी मोकळे करणारा दस्तऐवज निघाला आणि त्याच डिसेंबरात एचटीएमएल 4.0 मध्ये ते आले: मजकुराची दिशा सांगणारा ‘डिर’, भाषा सांगणारा ‘लँग’. मानक लिहिले जाणे आणि ब्राउझरने ते पाळणे यांत मात्र वर्षे गेली. बीबीसी उर्दूने युनिकोड धरले, पण त्यासाठी नस्तालीक सोडून नस्ख स्वीकारले. उर्दू डोळ्यांना ते परके वाटे, मला आजही वाटते. तरी तो मजकूर होता, चित्र नव्हते. पानासोबत फॉन्ट देण्याची फायरफॉक्सची सोय 2009ची, त्यासाठीचे सामाईक वॉफ मानक 2012चे आणि गुगलचे नोटो नस्तालीक 2014चे. इतक्या उशिरा नस्तालीक ब्राउझरमध्ये हक्काने राहायला आले.

माझ्या दोन्ही वर्गांना उपयोगी पडणारी बाब म्हणजे तो ‘लँग’. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे. शासनाने 2009च्या वर्णमालेच्या निर्णयात ते नेमून दिले आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांचा ‘ल’ एकाच क्रमांकाचा. पान मराठी आहे असे लिहिले असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तरच ब्राउझर मराठी वळण काढतो. उर्दूचे 4 आणि 7 हे अंक फारसीपेक्षा वेगळे लिहितात, क्रमांक पुन्हा एकच. तिथेही भाषा सांगावी लागते. मुले विचारतात, ‘‘सर, पुस्तकातला ल असा आणि मोबाइलवरचा तसा का?’’ उत्तर एवढ्याशा ‘लँग’मध्ये असते, आणि तो लिहायला कित्येक जण विसरतात.

नववीच्या मुलांना मी 2000च्या आसपासचे उर्दू अग्रलेख शोधायला सांगितले तर शोधयंत्राला त्यांतले फार थोडे सापडेल. जे चित्र म्हणून चढले, त्यातले उरलेले कुणीतरी बसून पुन्हा टंकत आहे. आणि उर्दू शाळांच्या सूचना अजूनही इनपेजमध्ये टंकून, चित्र करून, व्हॉट्सअॅपवर फिरतात. आमच्याही.