पदवी मिळालेली आणि न मिळालेली

एखादा विद्यार्थी पीएच.डी. अर्धवट सोडून परतला, की आपण शिक्षक बहुधा 'चिकाटी कमी पडली' असे म्हणून मोकळे होतो. बेंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या, दोन विद्यार्थिनींची हकिगत वाचल्यावर आम्हाला हे उत्तर अपुरे वाटू लागले.

पहिल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी तेथे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष चाचणीचे, काम संचालकांच्या पसंतीस उतरेपर्यंत त्याला मान्यता नाही, आणि त्यांच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! (मुलांनी आपले लक्ष आपणच सांभाळावे, असे कोणाला सुचलेले दिसत नाही.)

चिकाटी होतीच. पण त्यांना एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक शिस्तीचे आणि मनापासून शिकवणारे मार्गदर्शकही लाभले, हे सांगायचे सहसा राहून जाते. दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवरील कामासाठी १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या श्वसनाशी संबंधित प्रथिनावर काम केले. प्रबंध अवघा ४० पानांचा. १९३९ साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

दुसऱ्या अ‍ॅना मणी. १९४० साली शिष्यवृत्ती मिळवून त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. विषय होता हिरे आणि माणके यांचे वर्णपट. हिऱ्यातून येणारा प्रकाश इतका मंद, की छायाचित्रणाच्या काचेवर वर्णपट उमटायला १५-२० तास लागत. त्यामुळे रात्री प्रयोगशाळेतच झोपायचे. ३० हून अधिक हिरे तपासून, पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर प्रसिद्ध करून, १९४५ साली त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. संस्थेला स्वतः पदवी देण्याचा अधिकार तेव्हा नव्हता; तो १९५८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर आला. मद्रास विद्यापीठाने सांगितले, एम.एस्सी. नाही, म्हणून पीएच.डी. नाही. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रातील ऑनर्स पदवी, शिष्यवृत्ती, पाच निबंध, काही कामी आले नाही.

चिकाटी कोणाची कमी होती? दोघी एकाच आवारातल्या. एकीजवळ एम.एस्सी.चा कागद होता, दुसरीजवळ नव्हता. आमच्या मते अ‍ॅना मणींनी संशोधन सोडले असे म्हणणेही चूकच. दार त्यांच्या तोंडावर बंद झाले.

त्या सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. पदार्थविज्ञानात जागा नव्हती, हवामानाच्या उपकरणांत होती, म्हणून तोच विषय घेतला. १९४८ साली परतून पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. उपकरणे देशातच बनावीत म्हणून सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

त्यांचा तो प्रबंध बांधणी होऊन बेंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला, पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांसारखाच दिसणारा.