मेंदूच्या वळ्या

मेंदूच्या वळ्या म्हणजे प्रमस्तिष्काच्या बाह्य थरावरील उंचवटे होत. दोन वळ्यांमधील खोलगट भागास खाच म्हणतात.

रचना व निर्मिती

मानवी प्रमस्तिष्काचा बाह्य थर २ ते ४ मिमी जाडीचा असतो. तो उलगडल्यास सुमारे २,००० चौ. सेंमी क्षेत्र व्यापेल. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाचांमध्ये दडलेला असतो. वळ्यांमुळे हे विस्तृत क्षेत्र कवटीत सामावते. पाचव्या महिन्यापर्यंत गर्भाचा मेंदू बहुतांशी गुळगुळीत असतो. वळ्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. बाहेरचा थर आतील भागापेक्षा वेगाने वाढतो व त्यावरील दाबामुळे त्यास घड्या पडतात, असे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे.

कार्याशी संबंध

मोठ्या खाचांचे स्थान सर्व माणसांत जवळपास सारखे असते. मध्यवर्ती खाचेच्या पुढील वळी ऐच्छिक हालचालींचे, तर मागील वळी स्पर्शज्ञानाचे केंद्र आहे. मागील बाजूच्या कॅल्करीन खाचेभोवती दृष्टीचे प्राथमिक क्षेत्र असते. लहान वळ्यांची ठेवण मात्र व्यक्तिपरत्वे बदलते. त्यामुळे केवळ त्यांवरून कार्यक्षेत्राची सीमा अचूक ठरवता येत नाही.

वळ्या व बुद्धिमत्ता

माणसाची बुद्धी अधिक वळ्यांमुळे श्रेष्ठ ठरते, असे ग्रीक वैद्य एरासिस्ट्रॅटस याचे मत होते. गाढवाच्या मेंदूलाही पुष्कळ वळ्या असतात, असे दाखवून गेलन याने ते खोडून काढले. हत्ती हेही असेच उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा वनविभागातील कमलापूर येथे हत्ती कॅम्प आहे. तेथे दिसणाऱ्या या प्राण्याच्या मेंदूला मानवी मेंदूपेक्षाही अधिक वळ्या असतात. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार आफ्रिकी हत्तीच्या मेंदूतील सुमारे २५७ अब्ज चेतापेशींपैकी ९८ टक्के अनुमस्तिष्कात असतात. प्रमस्तिष्काच्या बाह्य थरात सुमारे ५.६ अब्जच आढळतात. माणसात ही संख्या सुमारे १६ अब्ज आहे.

विकृती

गर्भावस्थेत चेतापेशी योग्य स्थानी न पोहोचल्यास वळ्या पडत नाहीत. या विकारास लिसेनसेफली म्हणतात. त्यात अपस्मार व गंभीर विकासविलंब आढळतो. याउलट पॉलिमायक्रोजायरिया या विकारात असंख्य बारीक वळ्या पडतात. तरीही अपस्मार व विकासविलंब उद्भवू शकतात. म्हणजेच वळ्यांच्या संख्येपेक्षा त्यांतील चेतापेशींची मांडणी व परस्परजोडणी अधिक महत्त्वाची आहे.